अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आरोग्य कक्ष म्हणून जी खोली आहे, ती पूर्वी रंगाचे डबे ठेवण्याची होती. भिंतींना अजून तो वास आहे. खोलीत एक खाट, वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, एक लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या आहेत. ज्योत्स्ना गावित तिथे सात वर्षांपासून परिचारिका आहे. कार्यालयातले लोक तिला ‘सिस्टर’ म्हणतात, यंत्रांवरचे लोक ‘ताई’. तिचे आडनाव ठाऊक असलेली माणसे त्या कारखान्यात पाच-सहा असतील.

कारखाना मोटारींना लागणारे पत्र्याचे भाग बनवतो. ऑपरेटर साच्यावर पत्रा ठेवतो, वरून कित्येक टनांचा दाब आदळतो आणि सपाट पत्रा झाकण किंवा ब्रॅकेट होऊन बाहेर पडतो. अशी अकरा यंत्रे एकाच छपराखाली चालतात. त्या शेडला प्रेस शॉप म्हणतात. तिन्ही पाळ्या मिळून तिथे अठ्ठावन्न माणसे काम करतात. बाहेरचा माणूस तिथे पहिल्यांदा उभा राहिला, तर आवाज त्याच्या कानाआधी छातीला जाणवतो.

ज्योत्स्नाच्या विचाराची पद्धत तिच्या नोंदवहीत दिसते. छापील वहीत तारीख, नाव, वय, तक्रार आणि दिलेले औषध एवढेच रकाने होते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिने फूटपट्टी घेऊन प्रत्येक पानावर आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिले, ‘जागा’. डोके दुखते म्हणून आलेला माणूस कोणत्या यंत्रावरून आला, त्याचा क्रमांक ती तिथे लिहिते. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

ती सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वडील मंगळू आणि आई भागीबाई भात-नागलीचे काम उरकले की दरवर्षी द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला जात. ज्योत्स्ना आश्रमशाळेत शिकली आणि पुढे परिचारिकेच्या शिक्षणासाठी नाशिकला आली. शिकत असताना रुग्णालयात तिला द्राक्षबागांतून आलेल्या बायकांची रांग दिसे. सगळ्यांच्या हातांवर, मानेवर एकसारखे चट्टे. वहीत प्रत्येकीचे नाव, वय, गाव; तक्रार, ‘खाज’; उपाय, ‘मलम, स्वच्छता पाळावी’. भागीबाईलाही हाच सल्ला मिळाला होता. त्या हंगामात ती ऐन थंडीत दिवसातून दोनदा अंघोळ करी आणि सकाळी फवारलेल्या त्याच वेलींखाली पुन्हा जाऊन उभी राही. बाग कोणती, हे तिला कोणी विचारले नाही, कारण वहीत ते लिहायला जागा नव्हती. आजाराला माणसाचे नाव असते तसा ठिकाणाचा पत्ताही असतो, हे ज्योत्स्ना तिथे शिकली.

कारखान्यात आल्यावर सुरुवातीची काही वर्षे प्रेस शॉपमधल्या पुरुषांचा तिला राग येई. ती बोलू लागली की ही माणसे डोळ्यांकडे बघत नसत, ओठांवर नजर लावून बसत. तिने त्याचा जो अर्थ लावला, तो कोणतीही तरुण बाई लावेल. ती तुटक बोलू लागली, दार सताड उघडे ठेवू लागली. मग साथीच्या वर्षात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि प्रेस शॉपमधून येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणू लागला, “ताई, मास्क जरा खाली घ्या ना. कळत नाय काय बोलता ते.” कार्यालयातल्या, पॅकिंगमधल्या किंवा गेटवरच्या एकाही माणसाने अशी मागणी केली नव्हती. ही माणसे ओठ वाचत होती. इतकी वर्षे मनात धरलेल्या रागाची तिला लाज वाटली. आणि ओठ वाचायची पाळी आली आहे, हे त्यांनी एकमेकांपाशीसुद्धा कबूल केलेले नाही, हेही तिच्या लक्षात आले.

त्यांच्यात गोरक्ष सांगळे होता. सिन्नर तालुक्यातला, वय सत्तेचाळीस, सात नंबरच्या प्रेसवर एकोणीस वर्षे. साचा तडकायच्या आधी ठोक्याचा आवाज किंचित फाटतो. तो फरक गोरक्षला इतरांच्या अर्धा तास आधी कळायचा. अलीकडे तो कानाने ओळखत नसे. यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून क्षणभर थांबे आणि मान हलवी. साचा उघडला की तडा सापडेच. कंपनीने दिलेले नारिंगी इअरप्लग त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला बांधलेले असत. ज्योत्स्नाने एकदा विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गाडीला दृष्ट लागू नये म्हणून. अन् कानात बोळे कोंबले तर मशीन काय म्हणतंय ते मला कसं कळायचं, ताई?”

त्याची बायको उज्वला कौटुंबिक आरोग्य शिबिराला आली होती, तेव्हा तिने वेगळी गोष्ट सांगितली. मुलगी चांदवडला वसतिगृहात राहून शिकते आणि दर रविवारी फोन करते. गोरक्ष फोन उचलतो, “हां, बोल बाई” म्हणतो आणि लगेच उज्वलाच्या हातात देतो. “पोरीला वाटतं बापाचा काय राग हाय आपल्यावर,” उज्वला म्हणाली. “मी विचारलं तर म्हणतो, तुम्हा बायकांचं संपत नाय.” ज्योत्स्नाला त्याचे कारण ठाऊक होते. गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात; बायकांचे आणि मुलांचे आवाज त्यात येतात. माणसाला वाटते, जग पूर्वीसारखेच आहे, फक्त घरचे लोक पुटपुटायला लागले आहेत.

गेल्या वर्षी कंपनीने ‘निरामय’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी हर्षालीची नेमणूक केली. हर्षाली नाशिकचीच, पुण्याला शिकून आलेली, सत्तावीस वर्षांची, मनाने सरळ आणि कामाला वाघ. तिने सोमवारी योगासने आणली, कँटीनमधली भजी बंद करून मोड आलेली कडधान्ये सुरू केली, भिंतींवर पाणी पिण्याचे फलक लावले. नंतर पावले मोजणारे पट्टे वाटून महिनाभराची चालण्याची स्पर्धा घेतली. पहिला नंबर आला केरूमामांचा. केरूमामा कँटीनमध्ये काम करतात आणि दिवसातून चार वेळा दोन्ही हातांत किटल्या घेऊन संपूर्ण कारखान्याला चहा पोचवतात. त्यांचे गुडघे संध्याकाळी सुजलेले असतात. बक्षीस म्हणून त्यांना व्यायामशाळेचे तीन महिन्यांचे सभासदत्व मिळाले.

“तिथं जाऊन काय करायचं, मॅडम?” केरूमामांनी मंचावरच विचारले.

“चालायचं, मामा. तिथे चालायचं यंत्र असतं.”

“अन् पोचायचं कुठं?”

सगळे हसले, हर्षालीही हसली. पण त्या संध्याकाळी ती आरोग्य कक्षात आली आणि म्हणाली, “सिस्टर, आज माझं काहीतरी चुकलं. काय ते सांगता येत नाहीये.” ज्योत्स्नाने तिच्यापुढे नोंदवही ठेवली आणि केरूमामांच्या नावापुढची गुडघेदुखीच्या बावीस नोंदी दाखवल्या. आरोग्य ही माणसाच्या सवयींची गोष्ट आहे, असे गृहीत धरून हर्षालीचा सगळा उपक्रम उभा होता. माणूस दिवसाचे आठ तास काय करतो, कुठे उभा असतो, काय उचलतो, हा प्रश्न त्यात आला नव्हता. हा दोष एकट्या हर्षालीचा मानता येणार नाही. माणसाला खाणे-पिणे बदलायला सांगण्यात व्यवस्थेला कोणतीही तोशीस पडत नाही.

उपक्रमाचा पुढचा भाग होता प्रेस शॉपची श्रवणतपासणी. एक गाडी आली. तिच्यात काचेची खिडकी असलेली आवाजबंद खोली, आत खुर्ची आणि कानाला लावायचा हेडफोन. बाहेर टेबलाशी तंत्रज्ञ राकेश बसे. तो बटण दाबी, आतल्याला बारीक किंवा जाड ‘टूं’ ऐकू येई, आणि ऐकू आले की त्याने बोट वर करायचे. दोन दिवसांत तपासणी आटोपली. अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न जणांचे कान उत्तम निघाले. हर्षालीने फलक रंगवायला दिला.

ज्योत्स्नाने सगळ्यात शेवटी स्वतः आत बसून पाहिले. तिसऱ्या खेपेला तिचे बोट वर गेले आणि मग तिच्या ध्यानात आले की तिला आवाज ऐकूच आला नव्हता. काचेतून राकेशचे उजवे कोपर दिसत होते. बटण दाबताना ते इंचभर वर उचलले जाई. जी माणसे वीस-वीस वर्षे गोंगाटात उभी राहून दहा हातांवरच्या सहकाऱ्याच्या भुवईवरून त्याला काय हवे ते ओळखतात, त्यांना राकेशचे कोपर म्हणजे पाटीवर लिहिलेले मोठे अक्षर होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये गोरक्षच्या समोर जाऊन बसली.

“काय भाऊ, राकेशचं कोपर छान ऐकू आलं म्हणे.”

गोरक्ष मोठ्याने हसला. “तुम्ही पन ना, ताई! सगळे पास झाले, तुमच्या पोटात का दुखतंय? मॅडमचा फलक लागू द्या. पेढे येतील.”

“डावा कान कसा आहे?”

“डाव्याचं नाव काढू नका. तो गेला. उजवा हाय अजून.”

“किती आहे?”

“तुमचं ऐकतोय ना आता?”

ज्योत्स्नाने ताकाचा ग्लास तोंडाशी धरला आणि त्याआडून एक वाक्य बोलली. गोरक्ष बघत राहिला. आजूबाजूची माणसे जेवत होती.

“काय म्हणालात?”

“विचारलं, मुलीची परीक्षा कधी आहे.”

त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग तो म्हणाला, “जयरामचं काय झालं, पाहिलं ना तुम्ही?”

तिने पाहिले होते. जयराम चार नंबरच्या प्रेसवर होता. दोन वर्षांपूर्वी अशीच एक तपासणी झाली, तेव्हा त्याने ऐकू आले तिथेच बोट वर केले. निकालानंतर पंधरा दिवसांत त्याला यंत्रावरून काढून कारखान्यापुढच्या हिरवळीला पाणी घालायच्या कामावर ठेवले. पगार तोच होता आणि पत्रात ‘आपल्या प्रकृतीच्या हितार्थ’ असे लिहिले होते. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात खरोखर हितच असेल. पण अठरा वर्षे प्रेसवर काढलेला कसबी माणूस पाळी सुटताना नळी हातात धरून उभा असलेला दिसू लागला, लोक त्याला ‘माळीबुवा’ म्हणू लागले, आणि सत्तावन्न माणसांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. राकेशच्या गाडीत ते जे वागले, ते त्यांना कंपनीनेच शिकवले होते.

“भाऊ, हा उजवाही जाईल,” ज्योत्स्ना म्हणाली. “किती उरलाय ते कळल्याशिवाय मला तो वाचवण्यासाठी काही करता येणार नाही. खुर्ची उलटी फिरवून परत तपासणी करायची. नावं माझ्या कपाटात राहतील. वर फक्त मशीनचे नंबर जातील.”

“नाव जाणार नाय?”

“नाही.”

“सात नंबर माझ्याकडनं काढला, तर मी घरी बसंन. नळी धरणार नाय.”

“नाव जाणार नाही, भाऊ.”

हर्षालीला हे सांगणे अधिक अवघड गेले. “म्हणजे सगळ्यांनी मिळून मला फसवलं?” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. ज्योत्स्नाने तिला जयरामचे पत्र दाखवले. हर्षालीने ते दोनदा वाचले, रंगाऱ्याला फोन करून फलकाचे काम थांबवले आणि राकेशला पुन्हा बोलावले.

या वेळी खुर्चीचे तोंड भिंतीकडे होते. सगळ्यांत आधी गोरक्ष आत गेला. त्याने शब्द टाकल्यावर बाकीचे गेले. अठ्ठावन्नपैकी एकतीस माणसांचे कान कमी-अधिक गेलेले निघाले. गोरक्षचा डावा जवळजवळ संपला होता. उजव्यात बोलणे समजण्याइतके उरले होते. आणखी चार-पाच वर्षे त्याच जागी, त्याच आवाजात गेली असती तर तेही उरले नसते. ज्योत्स्नाने नावांची यादी कुलपात ठेवली आणि एका कागदावर अकरा यंत्रांचे क्रमांक व प्रत्येकापुढे कानांची स्थिती लिहून तो वर पाठवला.

कारखान्याचे प्रमुख अमोल साहेब यांनी कागद वाचला. सातपुढे सर्वांत वाईट आकडा होता. त्यांनी सुपरवायझरला विचारले, “सातवर कोण जुना?” सुपरवायझर म्हणाला, “गोरक्ष, साहेब. सातवर अजून कोण असणार?” संध्याकाळपर्यंत पत्र निघाले. सोमवारपासून गोरक्ष सांगळे पॅकिंग विभागात, प्रकृतीच्या हितार्थ.

गोरक्ष आरोग्य कक्षात आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही.

“नाव जाणार नाय म्हणाला होतात.”

“नाव दिलं नाही, भाऊ.”

“सात नंबर दिला ना! सात नंबरवर काय बिबट्या बसतो का? एकोणीस वर्षं तिथं मीच उभा हाय. अजून नाव काय लिहायचं राहिलं?”

आपली चूक ज्योत्स्नाला त्या क्षणी पूर्णपणे दिसली. द्राक्षबागेत ठिकाण लिहिले असते तर बाई उघडी पडली नसती. तिथे बाया आज या बागेत तर उद्या त्या बागेत. जागेचे आणि माणसाचे नाते दिवसापुरते. इथे एकोणीस वर्षांत ती जागाच त्या माणसाचे नाव झाली होती. ज्या रकान्यावर तिचा सर्वांत जास्त विश्वास होता, त्यानेच गोरक्षला पकडून दिले. तिने शब्द दिला तेव्हा तो खरा होता. पण तो किती तोकडा आहे, हे तपासून बघण्याची जबाबदारी तिचीच होती. तिने तसे त्याला सांगितले.

“माझी चूक झाली, भाऊ. मला कळायला हवं होतं.”

“आता कळून काय करता?” तो म्हणाला आणि गेला.

तो शुक्रवार होता. सोमवारच्या पहिल्या पाळीआधी कामाचा एकच दिवस उरला होता.

शनिवारी सकाळी ज्योत्स्ना हर्षालीला घेऊन हिरवळीवर गेली. जयराम नळी गुंडाळत होता. हर्षालीने त्याच्यासमोर उभे राहून, सावकाश, ओठ दिसतील असे विचारले, “काका, तुम्हाला इथे आणलं ते बरं झालं का?”

“बरंच झालं की. ऊन खातो, पाखरं बघतो. ऐकू येत नाय ती, बघतो.” मग त्याने शेडकडे बोट केले. “मी हाललो, मॅडम. मशीन काय हाललं नाय. त्याच्यावर आता त्या धनराजचे कान चाललेत.”

कार्यालयाकडे परतताना हर्षालीने ज्योत्स्नाला विचारले, “धनराजचे आकडे आहेत का तुमच्याकडे? रुजू झाला तेव्हाचे?”

होते. जयरामच्या जागी घेतलेला धनराज सव्वीस वर्षांचा. नोकरीत घेताना त्याची तपासणी झाली होती आणि त्याचे कान निर्दोष होते. दोन वर्षांनंतरच्या ताज्या निकालात त्याचे बारीक आवाज गळायला लागले होते. दोन्ही कागद घेऊन त्या अमोल साहेबांसमोर बसल्या. जाण्यापूर्वी ज्योत्स्नाने धनराजला गाठून त्याचा कागद दाखवण्याची परवानगी मागितली होती. पुन्हा तीच चूक करायची तिची तयारी नव्हती. धनराज म्हणाला, “दाखवा ताई. पण माळीबुवांचा असिस्टंट नका करू मला.”

अमोल साहेब निर्दय माणूस नव्हते. ते म्हणाले, “सिस्टर, कान गेलेल्या माणसाला मी जाणूनबुजून त्याच मशीनवर ठेवलं, तर उद्या जबाबदार कोण? मीच ना?”

“हो सर. म्हणून विचारते, सोमवारी सातवर कोण उभं राहणार?”

“कोणीतरी येईल. माणसं आहेत.”

ज्योत्स्नाने धनराजचे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. “चारवर असंच कोणीतरी आलं होतं, सर. हा त्याचा पहिला कागद, हा आत्ताचा. गोरक्षभाऊंना हलवलं तर दोन वर्षांनी मी तुमच्यासमोर अजून एक असाच कागद ठेवीन.”

“आणि तेव्हा तोही मिळणार नाही,” हर्षाली म्हणाली. “सर, जयरामना हलवल्यावर अठ्ठावन्नपैकी एकतीस लोक खोटं बोलले. आज गोरक्षला हलवलं, तर यापुढे आपल्याला या कारखान्यात कोणाचाही खरा रक्तदाबसुद्धा कळणार नाही. मग निरामय बंद करा. भजी परत सुरू करा.”

अमोल साहेबांनी यंत्रांचा आवाज अडवायला किती खर्च येईल ते विचारले, काम किती दिवस बंद ठेवावे लागेल ते विचारले, देखभाल विभागाच्या प्रमुखाला बोलावले. निर्णय त्या बैठकीत झाला नाही. दुपारी पाळी सुटायच्या सुमारास सूचनाफलकावर एक कागद लागला. गोरक्ष सांगळे यांच्या बदलीचे पत्र मागे घेण्यात आले होते. तपासणीच्या निकालावरून कोणालाही त्याच्या संमतीशिवाय कामावरून हलवले जाणार नाही, असेही त्यात लिहिले होते.

पुढच्या दोन महिन्यांत सात आणि चार या यंत्रांभोवती आवाज अडवणारे आवरण बसले. बाकीच्यांचा क्रम लावण्यात आला. तो अजून पूर्ण झालेला नाही. यंत्रांच्या पायांखाली रबर आले. केरूमामांना काय हवे ते हर्षालीने विचारले. त्यांनी चाकांची गाडी मागितली आणि ती मिळाली. व्यायामशाळेचे सभासदत्व त्यांनी पुतण्याला देऊन टाकले. योगासने चालू आहेत. आता तिथे येणारी माणसे स्वखुशीने येतात, आणि त्यांची संख्या पूर्वीपेक्षा फारशी कमी झालेली नाही.

सर्वांत मोठा बदल पाळीत झाला. प्रेसवर दोन तास आणि मग शांत खोलीत तयार मालाच्या तपासणीवर दोन तास, अशी आलटपालट प्रत्येकाला लागू झाली. गोरक्षचा सात नंबर त्याच्याकडेच राहिला, पण अर्धाच. उरलेला वेळ सातवर दुसरा माणूस उभा असे, आणि गोरक्ष मापे घेऊन टेबलाशी बसे. त्याला हे अपमानासारखे वाटले. पहिल्या आठवड्यात तो दर पंधरा मिनिटांनी उठून सातपाशी जाई आणि त्या माणसाच्या खांद्यावरून साच्याकडे बघत उभा राही. “म्हाताऱ्याला ओट्यावर बसवतात तसं बसवलंय,” तो सांगे.

ज्योत्स्नाशी त्याने बोलणे टाकले. हाताला पत्रा लागला, तेव्हा त्याने रुमाल बांधला, पण आरोग्य कक्षाची पायरी चढला नाही. ती समोरून आली की तो मान वळवी; आणि ओठ वाचणाऱ्या माणसाने मान वळवली, की त्याच्याशी बोलण्याचा मार्गच बंद होतो. ज्योत्स्नाने आपली बाजू कोणापाशी मांडली नाही. गोरक्षचे भले झाले, एवढ्यावर तिचा मोडलेला शब्द भरून निघत नाही, असे ती मानत होती. माणसाच्या कल्याणाचे काम करणाऱ्यांना आपला हेतू चांगला होता हे सांगण्याची घाई असते. ती घाई तिने केली नाही. नोंदवहीतला ‘जागा’चा रकाना तिने ठेवला, पण वर पाठवायच्या कागदावर आता एकेका यंत्राचा क्रमांक जात नाही, तीन-तीन यंत्रांचे गट करून जातो.

सहा महिन्यांनी राकेशची गाडी पुन्हा आली. गोरक्षचा नंबर दुपारनंतर होता. तो आत जाऊन बसला, हेडफोन लावला, हात गुडघ्यांवर ठेवले. तपासणी पंधरा मिनिटे चालली. बाहेर आल्यावर तो गाडीच्या पायरीपाशी थांबला. राकेशने कागद ज्योत्स्नाकडे दिला. तिने तो आधी स्वतः वाचला, मागच्या कागदाशी ताडून पाहिला, मग गोरक्षकडे तोंड करून उभी राहिली. त्यानेही तोंड फिरवले नाही.

“डावा?” त्याने विचारले.

“नाही.”

“उजवा?”

“होता तेवढा आहे.”

“वाढला नाय?”

“वाढत नसतो, भाऊ. कमी झाला नाही. एवढंच.”

त्याने कागद हातात घेतला. त्यावरच्या रेघा त्याला वाचता येत नव्हत्या, तरी तो त्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवत राहिला. मग घडी न घालता कागद परत दिला.

“पुढची कधी?”

“जूनमध्ये.”

“सकाळी ठेवा,” तो म्हणाला. “दुपारी मला सात नंबर असतो.”